चिचटोलीचं पान

मंगरू रामटेके गेले, त्याच्या आदल्या दिवशी घरात काहीच विशेष घडलं नव्हतं. विमलाबाईंनी सकाळी जवसाची चटणी कुटली, नळाला पाणी आलं नाही म्हणून शेजारणीशी त्यांचे दोन शब्द झाले, आणि जेवणं उरकल्यावर मंगरू नेहमीसारखे आपली लोखंडी खुर्ची फरफटत लेकीच्या टेबलाशी येऊन बसले. जूनचा पहिला आठवडा होता. पवनीत अजून अंगाची लाही होत होती. कूलर खडखडत होता, आणि त्या खडखडाटावर मात करायला बापलेक दोघंही मोठ्यानं बोलत होती.

रुचिता वेबसाइट बनवायची. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान, तिचं ऑफिस आणि तिची पुस्तकं. सध्या हाती घेतलेलं काम 'नदीकाठ' नावाच्या संस्थेचं होतं. वैनगंगेच्या काठच्या अकरा गावांनी पूर आला तर काय करायचं, ते सांगणारी वेबसाइट. प्रत्येक गावाला एक पान. माहिती मंगरूंची. चौतीस वर्षं त्यांनी कोतवाली केली होती. तलाठ्याच्या साझ्यातली चार गावं त्यांची, आणि शेजारच्या साझ्यात कोतवालाची जागा कायम रिकामी म्हणून उरलेली सातही त्यांच्याच गळ्यात. सरकारी कागद आला की तो गावोगाव ओरडून सांगणं हे त्यांचं काम. दवंडीला डफडं मात्र त्यांनी कधी हातात धरलं नाही. त्यांच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातलं डफडं नदीत सोडून दिलं होतं. मंगरू सायकलची घंटी वाजवायचे. चौकात सायकल उभी करायची, घंटी वाजवायची, आणि लोक दारात आले की सांगायचं.

"वाच," मंगरू म्हणाले.

रुचितानं वाचलं. "'पाण्याची पातळी वाढू लागल्यास नागरिकांनी तातडीने जिल्हा परिषद शाळेत जावे. गुरेढोरे मोकळी सोडावीत.' आणि खाली तुमचं नाव. 'माहिती: मंगरू रामटेके, निवृत्त कोतवाल.'"

"हे कोन्या गावाचं होय?"

"अकराही गावांचं."

"अकराहीले एकच?"

"बाबा, हा मजकूर मी एकाच ठिकाणी लिहून ठेवलाय. पान कोणत्याही गावाचं उघडा, तो तिथूनच येतो. गावाचं नाव तेवढं आपोआप बसतं. काही बदलायचं झालं तर एकदाच बदलायचं. अकरा वेळा लिहायला नको, अकरा ठिकाणी चुकायला नको."

हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. तिच्या धंद्यात तेच ते पुन्हा लिहिणं म्हणजे अडाणीपणा. एकदा लिहावं, सगळीकडे वापरावं.

"म्हनजे दवंडीच," मंगरू म्हणाले.

"हो. दवंडीच समजा."

"मंग चिचटोलीचं पान काढ बरं."

तिनं काढलं. 'पाण्याची पातळी वाढू लागल्यास चिचटोली येथील नागरिकांनी तातडीने जिल्हा परिषद शाळेत जावे.'

मंगरूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे नोको ठेवू. चिचटोलीत शाळा कुठी हाये? तिथले पोट्टे नाल्यापल्याड जातेत शाळेले. नदी वाढली का पयले नाला फुगते. घरात पानी याच्या आंधीच नाला कमरेइतका होते. त्याईले शाळेत जा म्हनशीन त नाल्यात उतरतीन ना व ते! त्याईले टेकडीवर, विहाराकडे जा म्हना लागते."

"ठीक आहे, पण एका गावाचं वेगळं करायचं म्हणजे सगळी मांडणी उघडावी लागेल. आज सगळं संस्थेच्या अश्विनकडे सोपवायचंय."

"दवंडी एकच असते बाई, पन टोलीटोलीत वेगळी सांगा लागते. तहसीलदारसाहेब कागद एकच देत. मी अकरा गावांत अकरा परीनं सांगत होतो."

"उद्या करते, बाबा."

"लिवून ठेव. नाहीत विसरशीन."

"तुम्ही आहात ना आठवण द्यायला."

मंगरू हसले. "हाव, हावो ना मी," म्हणाले, आणि उठून सायकल पुसायला अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या मागच्या चाकात हवा भरता भरता ते खाली बसले. विमलाबाईंना वाटलं, दम लागला असेल. पंप त्यांच्या हातातच होता.

मंगरूंसाठी वंदना झाली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अकराही गावांतून माणसं आली. 'नदीकाठ'चे अध्यक्ष केशवराव आले. त्यांची पवनीत राइस मिल होती, आणि गावात कोणाच्याही मयताला ते पहिल्या रांगेत असत. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "मंगरूनं एखादी गोष्ट सांगितली म्हणजे ती दगडावरची रेघ." लोकांनी माना डोलावल्या. त्याच आठवड्यात वेबसाइट सुरू झाली. बटण संस्थेच्या अश्विननं दाबलं. अश्विन रुचिताचा शाळेपासूनचा सोबती, वस्तीतलाच. त्यानं दुवा गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकला आणि वर लिहिलं, 'आपल्या मंगरू कोतवालांनी सांगितलेली माहिती'.

रुचितानं ती पानं उघडली नाहीत. एकदा उघडायला घेतली, तर कूलरचा खडखडाट आणि 'वाच' असं म्हणणारा आवाज आला, आणि तिनं पडद्यावरची खिडकी बंद केली. काहीतरी राहून गेलंय एवढं तिला आठवत होतं. काय राहिलंय, हेही खरं तर आठवत होतं. उद्या करू, असं तिनं जून संपला तरी म्हटलं आणि जुलै संपला तरी म्हटलं.

ऑगस्टमध्ये वैनगंगा चढली. एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला चिचटोलीच्या लोकांनी फोनवर आपल्या गावाचं पान उघडलं. चिचटोलीचं नाव, खाली मंगरूचं नाव. चाळीसेक माणसं पोराबाळांसकट शाळेकडे निघाली आणि नाल्यात उतरली. माणसं वाचली, कारण पलीकडच्यांनी दोर टाकला. पण सत्तरी ओलांडलेले सुखराम मधल्या दगडावरून घसरले, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. कोणाची म्हैस गेली, कोणाच्या तीन बकऱ्या.

आणि शनिवारी अकराही पानांवर पिवळी पट्टी आली.

रुचिताला ती विमलाबाईंनी दाखवली. त्यांना कोणीतरी फोनवर पाठवली होती. 'सूचना: स्वर्गीय मंगरू रामटेके यांनी दिलेल्या माहितीत त्रुटी असल्याने चिचटोली येथे दुर्घटना घडली. नागरिकांनी सदर माहितीवर विसंबून राहू नये.'

रुचितानं एक पान उघडलं, दुसरं उघडलं. अकरा पानं, अकरा पिवळ्या पट्ट्या. हे करायला अश्विनला अर्धं मिनिटही लागलं नसणार. ती सोय तिनंच त्याला करून दिली होती, आणि कुठे लिहायचं तेही तिनंच शिकवलं होतं.

"स्वर्गीय म्हनते?" विमलाबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. "कोन्या स्वर्गात पाठवलं माह्या मानसाले? अन कोनाले इचारून?"

'सदर माहिती.' रुचिता ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली. भर उन्हात सायकल दामटून आणलेली, चौतीस वर्षं घसा फोडून सांगितलेली माहिती म्हणजे सदर माहिती. दोन महिन्यांपूर्वी दगडावरची रेघ होती, तिची आता त्रुटी झाली. संस्थेनं या कामासाठी निधी मागितला, तेव्हा अर्जावर मंगरूंचं नाव केवढ्या मोठ्या अक्षरांत होतं! निवृत्त कोतवाल, परिसराचा जिवंत जाणकार. जिवंत होता तोवर जाणकार. आता तो बोलायला नाही, तर त्याच्या नावाची पट्टी अकरा गावांच्या डोक्याला बांधली.

ती तशीच उठून केशवरावांच्या राइस मिलमागच्या ऑफिसात गेली.

अश्विन संगणकापुढे बसला होता. केशवराव आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"स्वर्गीय कोणी लिहिलं?" तिनं दारातूनच विचारलं.

अश्विननं केशवरावांकडे पाहिलं. "मजकूर काकांनी सांगितला. मी टाकला."

"आपल्यात काय लिहितात ते तुला ठाऊक नाही?"

"कालकथित लिहितात. ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? सांगितलं ते टाकलं."

"माझ्या घरी पुण्यानुमोदनाला पंगतीत वाढत होतास तू. तेव्हाची पत्रिका तूच छापून आणली होतीस. कालकथित. तेव्हा बरोबर सुचलं होतं."

केशवरावांनी पेपरची घडी घातली. "बस बेटा, बस. चाय घे. मंगरू का माझा कोनी नव्हता? पन सत्तरीचा मानूस. विसरते. याच्यात बदनामी काहीच नाही. लोक आमच्यावर धावून आले, काही तरी लिवा लागलं."

"बाबांनी असं सांगितलंच नव्हतं."

"मंग पानावर आलं कसं?"

प्रश्न साधा होता. केशवरावांनी तो खवचटपणे विचारला नव्हता. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं. रुचिताच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिनं ते गिळलं आणि दुसरंच दिलं.

"साइटच्या रचनेमुळे. एकच मजकूर सगळ्या पानांवर जातो."

"म्हनजे यंत्राची चूक?"

"...हो."

"असं म्हन ना मंग!" केशवरावांचा चेहरा मोकळा झाला. "अश्विन, काढ ते मंगरूचं. लिव, तांत्रिक कारनानं. कसं? मंगरूही सुटला, तूही सुटली, आमीही सुटलो. नाहीत साइट कोनी बनवली म्हनून उद्या तुह्यं नाव निंगालं असतं. तुमसरवाले तुले असंच काम देऊन राहिले म्हनते. त्याईच्या कानावर कायले जाऊ द्याचं?"

अश्विननं दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं. अकराही पानांवरचे मंगरू एका क्षणात गेले, आणि त्यांच्या जागी 'तांत्रिक कारणास्तव' आलं. खाली 'माहिती: मंगरू रामटेके' ही ओळही त्यानं पुसली होती. "ते कशाला काढलं?" रुचितानं विचारलं. अश्विन म्हणाला, "मग ठेवू का? तूच सांग." ती दार ओढून बाहेर पडली.

रस्त्यानं परतताना तिचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. जाताना तो केशवरावांवर होता, अश्विनवर होता, 'सदर' या शब्दावर होता, आणि तो किती नीट उभा होता! आता तो लंगडायला लागला. त्या दोघांनी मेलेल्या माणसावर ढकललं, कारण तो उलटून बोलत नाही. तिनं यंत्रावर ढकललं. तेही उलटून बोलत नाही. मग त्यांच्यात आणि हिच्यात फरक तो काय?

तरी पट्टी निघाली होती. निघाली ना, असं तिनं तीन दिवस स्वतःला समजावलं.

मंगळवारी बाजारात तिला रत्नाबाई भेटली, चिचटोलीच्या सुखरामांची सून. दवाखान्यात सासऱ्याला डबा नेत होती. रुचितानं तिला टाळायला पाहिलं, पण रत्नाबाईनंच हाक मारली.

"व रुचिता! दिसून नाही राहिली?"

"कसे आहेत सुखरामबाबा?"

"खाटंवर पडून शिव्या देतेत नर्सबाईले. म्हनजे बरे हायेत." रत्नाबाई हसली, मग हसू ओसरलं. "सासरे नाहीच म्हनत होते त्या दिवशी. म्हने नाला भरला असन, टेकडीवर चला. मीच नाही आईकलं. म्हनलं, मंगरूभाऊनं लिवलं हाये त काही पाहूनच लिवलं असन. आजवर त्यानं खोटं सांगितलं का कवा? मीच ओढत नेलं बुढ्याले."

"ती पट्टी बघितली का आता? तांत्रिक कारण..."

"पट्टी कोन वाचते बाई. आमच्या टोलीत त सगळे हेच म्हनतेत. शेवटी शेवटी मंगरूचं डोस्कं चालत नव्हतं म्हनते. एवढी मोठी टोली अन त्याले नाला नाही आठवला." तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नोको. वयच असते तसं."

डोस्कं चालत नव्हतं! कपाळावर चष्मा सरकवून, एका दमात नाला, टेकडी, विहार सांगणारा माणूस. घरात पाणी येण्याआधी नाल्याला किती येतं ते कमरेच्या मापानं सांगणारा माणूस. रागानं तिचे कान तापले. पण या वेळी राग कुठल्या दाराशी जायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं संगणक उघडला आणि तो एकच मजकूर, जो अकरा ठिकाणी जात होता, आधी पुसून टाकला. मग एकेक गाव घेतलं. बाबांचे शब्द आठवले तिथे तसेच लिहिले, नाही आठवले तिथे त्या गावातल्या जुन्या माणसाला फोन लावला. एका गावात देऊळ उंचावर होतं. एका गावात शाळाच बरोबर होती, पण तिथे शेतातल्या पांदीनं जायचं नव्हतं, सडकेनं जायचं होतं. एका गावात तर एका म्हातारीनं तिलाच झापलं, "तुह्या बापाले सारं मालूम होतं, त्याले कायले नाही इचारलं जिता असताना?" अकरा पानं, अकरा वेगळे मजकूर. तिच्या धंद्यातला कोणी बघता तर हसता. तिला तीन दिवस लागले. चिचटोलीचं पान तिनं शेवटी लिहिलं. ते चार ओळींचं होतं. बाबांनी सांगितलं त्याच दिवशी लिहिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

पानांखाली तिनं बाबांचं नाव पुन्हा घातलं. मग हात थांबला. पट्टी कोन वाचते बाई.

शुक्रवारी सकाळी तिनं अंगणातली सायकल काढली. मागच्या चाकात हवा नव्हती. जूनपासून पंप तसाच ओसरीत टेकलेला होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. तिनं हवा भरली.

"कुठी जाऊन राहिली?" विमलाबाईंनी विचारलं.

"चिचटोलीला."

विमलाबाईंनी लेकीकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. पदरानं सीटवरची धूळ तेवढी पुसली. "घंटी गंजली असन," एवढंच म्हणाल्या.

घंटी गंजली नव्हती. चिचटोलीच्या चौकात, चिंचेखाली, रुचितानं सायकल उभी केली आणि ती वाजवली. एकदा वाजवली तेव्हा फक्त एक कुत्रं उठलं. पुन्हा वाजवली तेव्हा दारं उघडली. त्या आवाजाला या टोलीत सवयीनंच दारं उघडत. बाया ओल्या हातांनी बाहेर आल्या. पुरुष विड्या विझवत आले. कालच दवाखान्यातून आणलेल्या सुखरामांची खाट ओसरीवर होती. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "कोन आलं रे? मंगरूची घंटी होय ना ते?"

"त्याची पोट्टी होय, मामाजी," रत्नाबाई म्हणाली.

"मंग काय सांगते? धरनाचं पानी सोडून राहिले का?"

कोणीतरी हसलं. मागून एक जण म्हणाला, "आता पोट्टीही शाळेतच धाडते का आमाले?" त्यावर जास्त हसले. मग सगळे ती काय सांगते याची वाट पाहू लागले.

येताना नऊ किलोमीटर रुचितानं वाक्यं जुळवली होती, चांगली, लिहितात तशी. त्यांत 'रचना' नव्हती, 'त्रुटी' नव्हती, तरी ती सगळी पानावरची वाक्यं होती, कोणत्याही गावात चालतील अशी. समोर ओसरीवर सुखरामांचा पाय दोन वाळूच्या थैल्यांमध्ये अडकवलेला होता. तिनं ती वाक्यं सोडून दिली. घरात बापाशीही ती ज्या बोलीत फारशी बोलली नव्हती, त्या बोलीत, खाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

"माह्या बाबाचं डोस्कं शेवटल्या दिवसापर्यंत चालत होतं. चिचटोलीवाले शाळेत गेले त नाल्यात बुडतीन, त्याईले टेकडीवर विहाराकडे जा म्हना लागते, असं त्यानं मले सांगितलं होतं. जाच्या आदल्या दिवशी सांगितलं, बाजूले बसून सांगितलं. लिवून ठेव म्हने. मी नाही लिवलं. कटाळा केला अन उद्यावर ढकललं, अन त्याचं नाव मात्र तसंच खाली राहू देलं. सुखरामबाबा, तुमचा पाय माह्या बापानं नाही मोडला. मी मोडला."